साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी: एक पिंपही न हलवता जिंकलेलं क्लीव्हलँड

२६ फेब्रुवारी १८७२, सोमवार. पेनसिल्व्हेनियाच्या तेलपट्ट्यात लोकांनी सकाळची वर्तमानपत्रं उघडली आणि रेल्वेचं मालभाडं एका रात्रीत जवळजवळ दुप्पट झाल्याचं त्यांना कळलं. विहिरीचा मालक असो की छोटा रिफायनरीवाला, सगळ्यांना हाच दर. सुटका फक्त एका कंपनीची होती, आणि तिचं नाव त्या भागात बहुतेकांनी ऐकलंही नव्हतं: साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी. नावावरून वाटावं, दक्षिणेत कुठेतरी रस्ते-पूल सुधारणारी असेल. प्रत्यक्षात तिच्यामागे तीन बड्या रेल्वे आणि मूठभर तेलशुद्धीकरणवाले होते.

ही कंपनी महिनाभरात संपली. तिनं तेलाचं एक पिंपही कधी इकडून तिकडे नेलं नाही. पण साधारण त्याच सहा आठवड्यांत, म्हणजे १७ फेब्रुवारी ते २८ मार्चच्या दरम्यान, ओहायो राज्याच्या क्लीव्हलँड शहरातल्या २६ प्रतिस्पर्धी रिफायनऱ्यांपैकी बहुतेक सगळ्या एकाच मालकाच्या झाल्या. कुणी २१ म्हणतं, कुणी २२. मालक होता ३२ वर्षांचा जॉन डी. रॉकफेलर. जन्माला येण्याआधीच मेलेल्या कंपनीचा या विजयात हात किती, हा या प्रकरणातला खरा प्रश्न. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत मोठा उद्योग कसा मोठा झाला, हे मला रेल्वेच्या लांबीच्या आकड्यांपेक्षा या सहा आठवड्यांत जास्त स्पष्ट दिसतं.

तेल उदंड, नफा नाही

पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलजवळ एडविन ड्रेकला ऑगस्ट १८५९ मध्ये साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं. त्या वर्षी अमेरिकेत दोनेक हजार पिंपं निघाली. १८७० मध्ये निघाली पन्नास लाखांवर. मधल्या काळात भावानं लोकांना वेड लावलं: १८६० च्या सुरुवातीला पिंपाला वीसेक डॉलर, आणि १८६१ च्या अखेरीला दहा सेंट. तेलापेक्षा रिकाम्या पिंपाची किंमत जास्त. पिटहोल नावाचं गाव १८६५ मध्ये काही महिन्यांत पंधरा हजार वस्तीचं झालं आणि जवळपास तितक्याच वेगानं ओसही पडलं.

जमिनीखालचं तेल शेजाऱ्याच्या आणि आपल्या विहिरीत फरक करत नाही. आपण नाही उपसलं तर तो उपसणार. त्यामुळे भाव कितीही पडला तरी कुणी पंप थांबवत नसे. रिफायनरीची गत वेगळी होती, पण शेवट तोच. सुरुवातीच्या काळात भट्टी, थोडे पाइप, गंधकाम्ल आणि जुजबी माहिती एवढ्यावर कुणीही रॉकेल गाळायला बसे. क्लीव्हलँड, पिट्सबर्ग, न्यूयॉर्क, खुद्द तेलपट्टा, जिथे तिथे भट्ट्या. १८७० च्या सुमारास देशातली शुद्धीकरणाची क्षमता निघणाऱ्या तेलाच्या तिप्पट झाली होती आणि रॉकेलचा भाव पाच वर्षांत निम्म्याच्या खाली आला होता. रॉकफेलरच्या अंदाजानं दहापैकी नऊ रिफायनऱ्या तोट्यात होत्या. अंदाज त्याच्या सोयीचा आहे हे खरं, पण चित्र फारसं चुकीचं नसावं.

रॉकफेलर या धंद्यात आला तो अडत दुकानातून. सप्टेंबर १८५५ मध्ये सोळा वर्षांचा असताना तो क्लीव्हलँडच्या ह्युइट अँड टटल या पेढीत हिशेबनीस म्हणून लागला. पहिले तीन महिने पगाराचं ठरलंही नव्हतं. वर्षअखेरीला हातावर पन्नास डॉलर पडले. पुढे स्वतःची अडत, मग १८६३ मध्ये रॉकेलच्या धंद्यात भागी, आणि फेब्रुवारी १८६५ मध्ये भागीदार क्लार्कशी पटेना तेव्हा दोघांत लिलाव झाला. बोली ५०० डॉलरपासून सुरू झाली. ती ७२,५०० वर थांबली आणि कारखाना रॉकफेलरचा झाला. जानेवारी १८७० मध्ये दहा लाख डॉलर भांडवलावर स्टँडर्ड ऑइल कंपनी उभी राहिली, तेव्हा देशातलं दहा टक्क्यांच्या आसपास शुद्धीकरण तिच्याकडे होतं.

हा माणूस हिशेबनीसच राहिला, असं मला वाटतं. पिंपं बाहेरून अडीच डॉलरला घ्यावी लागत, तर त्यानं स्वतःची जंगलं घेतली, लाकूड तिथेच भट्टीत वाळवून मग शहरात आणलं (ओल्या लाकडाचं पाणी गाडीभाडं देऊन कशाला वाहायचं!) आणि पिंप एका डॉलरच्या आत बसवलं. पुढे न्यूयॉर्कच्या कारखान्यात निर्यातीचे पाच गॅलनचे टिनचे डबे डाग देऊन बंद होत असताना त्यानं विचारलं, एका डब्याला डागाचे थेंब किती? चाळीस. अडतीस करून बघा. काही डबे गळले. एकोणचाळीसला एकही गळला नाही. मग तोच नियम झाला. अमेरिकन रॉकेलचे असे डबे पुढे मुंबई बंदरात उतरत आणि रिकामे झाले की आपल्याकडच्या घरांत पाणी भरायला लागत. स्टँडर्डच्याच वारस कंपन्यांनी १९५४ मध्ये तुर्भ्याला रिफायनरी चालू केली. ती आज हिंदुस्तान पेट्रोलियमची आहे. हे जाता जाता.

पण नुसत्या थेंब मोजण्यानं एका महिन्यात शहर हाती येत नाही. त्यासाठी रेल्वे लागली.

रेल्वेची अडचण

क्लीव्हलँडची जागा तशी गैरसोयीची. कच्चं तेल शंभरावर मैल पश्चिमेला आणायचं, गाळायचं, आणि तयार रॉकेल पुन्हा पूर्वेला न्यूयॉर्कच्या बंदरात पाठवायचं, कारण खरं गिऱ्हाईक युरोपात. तेलपट्ट्यातल्या रिफायनरीला ही उलटी फेरी लागत नव्हती. क्लीव्हलँडच्या हातात एकच हुकूम होता: तिथून माल न्यायला एकाहून जास्त वाटा होत्या. उन्हाळ्यात ईरी सरोवर आणि कालवा, शिवाय एकमेकींवर टपलेल्या रेल्वे. पिट्सबर्गवाल्यांना पेनसिल्व्हेनिया रेल्वेशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि ती रेल्वे तसं वागायचीही.

रॉकफेलरचा भागीदार हेन्री फ्लॅगलर यानं या स्पर्धेचा पुरेपूर वापर केला. लेक शोअर रेल्वेला त्यानं शब्द दिला: रोज साठ डबे माल, न चुकता, वर्षभर. बदल्यात भाड्यात घसघशीत सूट. तेलपट्ट्यातून क्लीव्हलँडमार्गे न्यूयॉर्कपर्यंत जाहीर दर पिंपाला २ डॉलर ४० सेंट असताना स्टँडर्डला तो १ डॉलर ६५ सेंटला पडला.

ही सूट म्हणजे निव्वळ लाच, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि अजूनही म्हटलं जातं. मला ते पटत नाही. वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे दोन-चार डबे गोळा करत, वाटेत जोडत-सोडत जाणाऱ्या गाडीला न्यूयॉर्कची जा-ये करायला तीस दिवस लागत. फक्त तेलाची, एका जागेहून एका जागी जाणारी पूर्ण गाडी तेच दहा दिवसांत करे. तेवढ्याच मालाला अठराशे डब्यांऐवजी सहाशे पुरत. रेल्वेचा रूळ, इंजिन, कर्जावरचं व्याज हा खर्च माल असो वा नसो चालूच असतो. ठरलेला माल रोज मिळणं हे तिच्यासाठी सोनं होतं. घाऊक घेणाऱ्याला सूट मिळते, तीच ही. गोम एवढीच की रेल्वे ही सरकारनं दिलेल्या सनदेवर, लोकांच्या जमिनी घेऊन बांधलेली वाट होती, आणि सूट गुपचूप दिली जाई.

तरीही रेल्वे सुखी नव्हत्या. पेनसिल्व्हेनिया, ईरी आणि न्यूयॉर्क सेंट्रल या तिघी तेलाच्या मालासाठी एकमेकींचे दर पाडत बसल्या होत्या. आपसात ठरवायच्या, आठवड्याभरात एखादी लपून दर तोडायची. त्यांना हवा होता एक मुकादम, जो तिघींना ठरलेल्या प्रमाणात माल वाटून देईल आणि कुणाला लबाडी करू देणार नाही. हा मुकादम शुद्धीकरणवाल्यांमधूनच नेमायची कल्पना टॉम स्कॉटच्या नावावर आहे. स्कॉट पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा उपाध्यक्ष आणि त्या राज्याच्या विधिमंडळात हवं ते करून घेणारा माणूस. रॉकफेलरनंही म्हातारपणी हेच सांगितलं: कल्पना आमची नव्हती.

करारात काय होतं

विधिमंडळाची आयती सनद स्कॉटनं मिळवून दिली. ही सनद मुद्दाम इतकी ढगळ लिहिलेली होती की तिच्यात जवळजवळ कोणताही धंदा बसावा. लिंकनच्या काळात युद्धखात्यात सहसचिव राहिलेला पीटर वॉटसन अध्यक्ष झाला. दोन हजार शेअरपैकी नऊशे रॉकफेलर आणि त्याच्या माणसांकडे, बाकीचे वॉटसन आणि फिलाडेल्फिया-पिट्सबर्गच्या मंडळींकडे. म्हणजे कागदावर स्टँडर्डकडे बहुमत नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं. सामील होणाऱ्यानं आधी गुप्ततेचा लेखी शब्द द्यायचा, मगच त्याला योजना कळायची.

१८ जानेवारी १८७२ चा करार असा: तेलाच्या मालापैकी ४५ टक्के पेनसिल्व्हेनिया रेल्वेला, ईरी आणि सेंट्रलला प्रत्येकी साडेसत्तावीस. जाहीर भाडं तिघींनी वाढवायचं. कंपनीच्या सदस्यांना त्यातून सूट. इथवर जुनंच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

नवं पुढे होतं. तेलपट्ट्यातून क्लीव्हलँडला कच्च्या तेलाचं जाहीर भाडं पिंपाला ८० सेंट. सदस्याला त्यातले ४० परत, म्हणजे त्याला पडलं ४० सेंट. बाहेरच्या रिफायनरीवाल्यानं पूर्ण ८० भरायचे, आणि त्यानं भरलेल्या ८० मधले ४० सेंटही रेल्वेनं साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनीलाच द्यायचे. समजा बाहेरच्यानं शंभर पिंपं आणली. त्याचे गेले ८० डॉलर. रेल्वेकडे राहिले ४०, आणि ४० गेले त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या गल्ल्यात, ज्यानं या मालाला बोटही लावलेलं नाही. शेजारच्या दुकानात होणाऱ्या प्रत्येक विक्रीमागे आपल्याला वर्गणी मिळावी, तसा हा प्रकार. व्यवहारात याला ड्रॉबॅक म्हणत. सूट समर्थनीय ठरू शकते, तिच्यामागे रेल्वेची खरी बचत आहे. ड्रॉबॅकमागे कसलीच बचत नाही. बाहेरच्यानं माल वाढवला तर तो आपल्याच गळ्याभोवतीचा दोर आवळणार, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक कलम होतं, ज्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं. बाहेरच्या प्रत्येकाच्या मालाच्या बिल्ट्यांची माहिती रेल्वेनं कंपनीला रोज कळवायची होती. कुणी, किती, कुणाला, कधी पाठवलं. माझ्या मते पैशाइतकंच हेही घातक होतं. गिऱ्हाइकाचं नाव एकदा कळलं की त्याच्याकडे जाऊन दोन सेंट कमी सांगायला कितीसा वेळ लागतो?

तेवढाच माल देणाऱ्या दुसऱ्या कुणालाही रेल्वे हेच दर देऊ शकेल, असंही एक वाक्य करारात घातलेलं होतं. तेवढा माल देणारा दुसरा कुणी नव्हता.

दार वाजवणारा शेजारी

क्लीव्हलँडमधली खरेदी मात्र या करारानं सुरू झाली नाही, आणि इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची होते. डिसेंबर १८७१ मध्येच रॉकफेलरनं शहरातला सर्वांत तगडा प्रतिस्पर्धी, क्लार्क, पेन अँड कंपनी, आपल्यात घेतला. ऑलिव्हर पेन हा त्याचा शाळासोबती. दोघं एका बँकेच्या खोलीत बसले, पेननं वह्या तपासल्या, स्टँडर्डच्या नफ्याचा आकडा बघून तो थक्क झाला आणि चार लाख डॉलरवर सौदा ठरला. पेनच पुढे स्टँडर्डचा खजिनदार झाला. त्यानंतर १८७२ च्या अगदी सुरुवातीला स्टँडर्डनं भांडवल दहा लाखांवरून पस्तीस लाखांवर नेलं. करारावर सही व्हायच्या आधीच पैशाची तजवीज झालेली होती. नवे शेअर ज्यांना मिळाले त्यांत शहरातले बँकवालेही होते. रिफायनरीवाला अडचणीत कर्ज मागायला बँकेत जाई तेव्हा समोर बसलेला माणूस बहुधा स्टँडर्डचा भागधारक असे.

फेब्रुवारीच्या मध्यापासून एकेकाला निरोप जाऊ लागले. पद्धत सभ्य होती. आवाज चढवायचा नाही, धमकी द्यायची नाही. वह्या दाखवायच्या, परिस्थिती समजावून सांगायची, आणि मोबदला रोख हवा की स्टँडर्डचे शेअर ते विचारायचं. शेअर घ्या, कुटुंबाला कधी काही कमी पडणार नाही, असं रॉकफेलर आवर्जून सांगे. पुष्कळांनी त्याच्यावरचा राग म्हणून किंवा घेणेकरी दारात होते म्हणून रोख घेतले. ज्यांनी शेअर ठेवले त्यांची नातवंडंही सुखात राहिली. रोख घेणारे आयुष्यभर कोर्टात आणि वर्तमानपत्रांत कुरकुरत राहिले.

रॉबर्ट हॅना या रिफायनरीवाल्यानं आधी साफ नकार दिला होता. मग तो रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडे गेला, स्टँडर्डइतकाच दर द्या म्हणाला. मिळणार नाही, असं उत्तर आलं. त्यानं कारखाना ४५,००० डॉलरला विकला. उभारायला याहून कितीतरी जास्त लागले होते, असं त्यानं पुढे शपथेवर सांगितलं. पहिली नोकरी देणारा आयझॅक ह्युइटसुद्धा एव्हाना एका रिफायनरीत भागीदार होता, आणि ती रिफायनरीही विकली गेली.

त्याच रिफायनरीत जॉनचा सख्खा धाकटा भाऊ फ्रँकही होता. त्यानं १८७६ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली: विकला नाहीत तर तुमचा कारखाना कवडीमोल होईल, कारण रेल्वे आमच्या बाजूला आहे, असं क्लीव्हलँडवाल्यांना सांगितलं गेलं. भावाविरुद्ध भावाची साक्ष म्हटल्यावर वजन आपोआप येतं, पण फ्रँकचा हेवाही सर्वश्रुत होता. दोघांतलं वितुष्ट इतकं वाढलं की पुढे फ्रँकनं आपल्या दोन मुलांची शवंही कुटुंबाच्या दफनभूमीतून उकरून दुसरीकडे नेली.

विकत घेतलेल्या कारखान्यांतले पुष्कळ रॉकफेलरनं चालवलेच नाहीत. मोडीत काढले. क्षमता फार झाली आहे हे त्याचं निदान होतं आणि त्यावर हाच त्याचा उपाय. स्टँडर्डची रोजची क्षमता मात्र काही आठवड्यांत पंधराशे पिंपांवरून दहा हजारांवर गेली.

तेलपट्टा उठला

खरं तर नवे दर इतक्यात जाहीर व्हायचेच नव्हते. रेल्वेच्या एका स्थानिक कर्मचाऱ्यानं घाईनं ते लागू केले आणि कारस्थान उघडं पडलं. दुसऱ्याच दिवशी, २७ फेब्रुवारीला, टायटसव्हिलच्या नाटकगृहात तीन हजार माणसं जमली. तीन दिवसांनी ऑइल सिटीत तशीच सभा. साठ दिवस नवी विहीर खोदायची नाही, रविवारी पंप बंद, आणि कारस्थानातल्या कुणालाही थेंब विकायचा नाही, असं ठरलं. तिथलं 'डेरिक' हे वर्तमानपत्र रोज संचालकांची नावं काळ्या चौकटीत छापू लागलं. हॅरिसबर्गला विधिमंडळाकडे ९३ फूट लांबीचा अर्ज गेला.

चळवळ बऱ्यापैकी पाळली गेली. क्लीव्हलँडला कच्चं तेल येईना, स्टँडर्डला कामगार घरी बसवावे लागले. रॉकफेलर त्या दिवसांत न्यूयॉर्कला होता. बायकोला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की वर्तमानपत्रांत लेख लिहिणं सोपं आहे, आपल्याला दुसरी कामं आहेत. मोर्चेकऱ्यांना किंवा बातमीदारांना त्यानं एका शब्दानं उत्तर दिलं नाही. ही त्याची आयुष्यभराची सवय. पुढे तिची भारी किंमत त्याला मोजावी लागली, कारण एकच बाजू छापून येत राहिली.

रेल्वेवाले मात्र लगेच डगमगले. ईरी रेल्वेचा अध्यक्ष जे गूल्ड याची मार्चमध्ये उचलबांगडी झालीच होती. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. २५ मार्चला न्यूयॉर्कमध्ये रेल्वेचे प्रमुख आणि तेलवाल्यांचं शिष्टमंडळ बसलं. रॉकफेलर आणि वॉटसनही बैठकीला यायला निघाले होते. हे आत बसणार असतील तर आम्ही उठतो, असं तेलवाल्यांनी ठणकावलं. करार रद्द झाला. सगळ्यांना सारखं भाडं, सूट नाही, ड्रॉबॅक नाही, असा नवा लेखी करार झाला. एप्रिलमध्ये विधिमंडळानं सनदही काढून घेतली. तेलपट्ट्यात जल्लोष झाला.

तो फार काळ टिकला नाही. नव्या कराराची शाई वाळते न वाळते तोच स्टँडर्डला पुन्हा सूट मिळू लागली. आणि उत्पादकांची एकजूट भावाच्या पहिल्याच हेलकाव्यात फुटली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांच्याच संघटनेनं रॉकफेलरच्या गटाला तेल विकायचा करार केला, उत्पादन आवरायचं वचन दिलं आणि ते पाळलं नाही. जानेवारीत स्टँडर्डनं तो करार मोडला. स्टँडर्डवर त्याचं खापर फोडणं सोपं आहे, पण बाजारात इतकं तेल ओतलं कुणी? शत्रू समोर असताना दीड महिना एकत्र राहिलेली माणसं शेजाऱ्याच्या विहिरीवर मात्र एक दिवसही विश्वास ठेवत नव्हती.

मग क्लीव्हलँड कशानं पडलं?

रॉकफेलरचं म्हणणं: साउथ इम्प्रूव्हमेंटचा संबंध नाही, ते आधीच बुडत होते, आम्ही होडी पाठवली. विरोधकांचं म्हणणं: तो करार डोक्याला लावलेलं पिस्तूल होतं. मला दोन्ही अर्धवट वाटतात.

पेनचा सौदा आणि भांडवलवाढ कराराच्या आधीची आहे, म्हणून खरेदीचा बेत स्वतंत्र होता हे मानायला हवं. कारखाने तोट्यात होते, हेही बऱ्याच अंशी खरं. पण तोटा तर दोन वर्षं चालू होता. विक्री मात्र नेमकी त्या सहा आठवड्यांत झाली, मार्चच्या सुरुवातीला तर दोन दिवसांत सहा कारखाने गेले. वर्तमानपत्रांत हा करार रोज गाजत होता तेव्हाचे हे दिवस. तेलपट्ट्यातला माणूस ती बातमी वाचून सभेला गेला, कारण त्याची विहीर कुणी उचलून नेऊ शकत नव्हतं. क्लीव्हलँडचा रिफायनरीवाला तीच बातमी वाचून विकायला गेला. त्याचं कच्चं तेल रेल्वेनं येत होतं, तयार माल रेल्वेनं जात होता आणि कर्ज स्टँडर्डच्या भागधारकाकडून घेतलेलं होतं. करार रद्द होईल यावर पैज लावण्याइतकी त्याची कुवत नव्हती.

शिवाय एक साधी गोष्ट आहे. करार रद्द झाल्यावर विकलेला कारखाना परत मिळत नाही. मोडीत गेलेला तर नाहीच नाही. करार महिनाभर कागदावर जिवंत राहणं एवढंच पुरेसं होतं.

क्लीव्हलँड हाती आल्यावर पुढचं गणित सोपं झालं. एवढा माल एकाच हाती असलेल्याला कुठली रेल्वे नाही म्हणणार? १८७४-७५ मध्ये पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कमधल्या आघाडीच्या कंपन्या गुपचूप स्टँडर्डमध्ये आल्या. बाहेर जुन्याच पाट्या राहिल्या. १८७९ पर्यंत देशातलं ९० टक्क्यांच्या आसपास शुद्धीकरण तिच्याकडे होतं. साउथ इम्प्रूव्हमेंटमधून जे लेखी करारानं मिळवायचं होतं ते आता कुठल्याही कराराशिवाय मिळत होतं.

टायटसव्हिलच्या सभांमध्ये सर्वांत तडफदार भाषणं करणाऱ्यांत विशीतला एक रिफायनरीवाला होता, जॉन आर्चबोल्ड. १८७५ मध्ये तो स्टँडर्डमध्ये गेला, तेलपट्ट्यातल्या आपल्याच जुन्या साथीदारांचे कारखाने त्यानं कंपनीसाठी विकत घेतले, आणि रॉकफेलर मागे सरल्यावर कंपनीचा कारभार त्यानंच चालवला. कारस्थानाविरुद्ध उभा राहिलेला तिथला एक वकील सॅम्युअल डॉड. १८८२ मध्ये चाळीसेक कंपन्यांना नऊ विश्वस्तांच्या हाती सोपवणारा ट्रस्टचा दस्तऐवज डॉडनंच लिहिला, आणि अमेरिकेतल्या मक्तेदाऱ्यांना पुढे त्यावरूनच ट्रस्ट हे नाव पडलं. चांगला विरोधक दिसला की त्याला घरात आणायचं, ही रॉकफेलरची पद्धत होती.

सगळेच आले नाहीत. टायटसव्हिलला लाकडी टाक्या बनवणाऱ्या फ्रँकलिन टार्बेलची मुलगी आयडा तेव्हा चौदा वर्षांची होती. त्या महिन्यात वडील घरी कसे यायचे, सभांमधून काय ऐकून यायचे, ते तिच्या लक्षात राहिलं. १९०२ ते १९०४ मध्ये तिनं मॅक्ल्युअर्स मासिकात स्टँडर्डचा इतिहास क्रमशः लिहिला. साक्षी, शपथपत्रं, करार सगळं खणून काढून. आज या करारातले आकडे आपल्याला माहीत आहेत ते मोठ्या प्रमाणात तिच्यामुळे. तिचा कल उघड आहे, तरी दरांच्या बाबतीत ती फारशी कुठे चुकलेली नाही.

कायद्यानं मात्र सावकाश पावलं टाकली. रेल्वेच्या सवलतींवर बंदी आणणारा आंतरराज्य व्यापाराचा कायदा १८८७ चा, म्हणजे टायटसव्हिलच्या सभेनंतर पंधरा वर्षांनी. मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा १८९० चा. १५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्टँडर्डचे ३४ तुकडे केले. पण भाड्यातल्या सवलतीचा म्हणून जो मोठा निकाल लागला तो त्याआधीचा, १९०७ चा. इंडियानातल्या व्हायटिंगच्या रिफायनरीतून माल नेताना भाड्यात बेकायदा सवलत घेतल्याबद्दल न्यायाधीश लँडिस यांनी कंपनीला २ कोटी ९२ लाख ४० हजार डॉलर दंड ठोठावला. निकालाची चिठ्ठी आली तेव्हा रॉकफेलर क्लीव्हलँडला गोल्फ खेळत होता. त्यानं ती वाचली आणि खेळ पुढे चालू ठेवला. पुढच्या वर्षी अपिलात निकाल फिरला आणि दंडाचा एक सेंटही भरला गेला नाही. तोवर स्टँडर्डचं बहुतेक कच्चं तेल रेल्वेनं जातही नव्हतं. ते तिच्या स्वतःच्या पाइपलाइनमधून वाहत होतं.